रविवारची सहल आणि सकाळची गोळी

सोलापूरच्या माणसाची सहल कधी आठ दिवस आधी ठरत नाही. शनिवारी रात्री जेवताना किंवा थेट रविवारी सकाळी चहाच्या वेळी कोणीतरी म्हणते, "चला, आज कुठेतरी जाऊन येऊ." मग अर्ध्या तासात पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात आणि गाडी बाहेर निघते. अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग सारेच तास-दीड तासाच्या अंतरावर. थंडीत कोणाच्या तरी शेतावर हुरडा असतो. येताना वाटेतल्या ढाब्यावर कडक भाकरी, शेंगा चटणी आणि झणझणीत रस्सा ठरलेला.

अशा सहलींना डॉक्टर म्हणून माझी काहीच हरकत नाही. आठवड्यातून एक दिवस घराबाहेर पडावे, चार पावले चालावे, हसावे, बोलावे. यातून होणारा फायदा कोणत्याही औषधाच्या दुकानात विकत मिळत नाही. पण गेल्या जानेवारीत अशाच एका रविवारी माझ्याच घरात जे घडले ते वाचकांना सांगितले पाहिजे. त्यात चूक माझीही होती, म्हणून तर अधिकच.

पोट रिकामे ठेवले

गड्ड्याची यात्रा नुकतीच आटोपली होती. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वहिनींना घेऊन सकाळीच आमच्याकडे आले. दादा सहासष्ट वर्षांचे. मधुमेह बारा वर्षांपासून, पण पथ्याला एकदम पक्के. नळदुर्गला जायचे ठरले. माझ्या पत्नीने पोहे केले, तर दादांनी बशी बाजूला सारली. म्हणाले, "आज बाहेरच जेवायचंय ना? मग पोट रिकामं ठेवतो." चहा आणि दोन बिस्किटे एवढेच त्यांनी घेतले. मधुमेहाची सकाळची गोळी मात्र नेहमीप्रमाणे, वेळेवर घेतली. मी समोरच बसलो होतो. मी काहीही बोललो नाही.

मार्केट यार्ड ओलांडून हैदराबाद रस्त्याला लागलो तेव्हा नऊ वाजले होते. गाडी दादाच चालवत होते. किल्ल्यात आम्ही दोन-अडीच तास हिंडलो. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल पाहिला, उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या चढलो. दादा सर्वांच्या पुढे. मला त्यांचा अभिमानच वाटला.

साडेबाराला परत निघालो. एक वाजता जेवण, असा हिशेब होता. पण रस्त्याचा हिशेब वेगळा निघाला. ऊसतोडणीचे दिवस. एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलंडून ऊस रस्त्यावर पसरला होता. तासभर गाडी जागची हलली नाही. रस्ता मोकळा झाल्यावर दादांनी गाडी जोरात काढली आणि एका ट्रॉलीला अगदी घासून पुढे नेली. वहिनी ओरडल्या. दादा उलट त्यांच्यावरच खेकसले. आम्ही गप्प बसलो. माणूस कंटाळलाय, एवढेच मला वाटले.

राग नव्हे, साखर

ढाब्यावर पोहोचलो तर तिथे ही गर्दी. रविवार असल्यामुळे नाव सांगून बाहेर बाकावर बसायचे. दोन वाजले, सव्वादोन झाले. दादा दोनदा आत जाऊन पोऱ्यावर ओरडून आले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाला 'अरे' म्हटले नाही, त्याचा हा अवतार. मग ते येऊन बसले आणि "किती वाजले?" असे विचारले. मी सांगितले. मिनिटभराने पुन्हा तोच प्रश्न.

वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, यांच्याकडे जरा बघा ना. असं कधी बोलत नाहीत हे. आणि थंडीत एवढा घाम कशाचा?"

तेव्हा कुठे माझ्यातला डॉक्टर जागा झाला. शर्ट पाठीला चिकटला होता. हाताला कंप होता. ग्लास उचलताना पाणी सांडत होते. रक्तातील साखर घसरली होती आणि साखर मोजण्याचे यंत्र घरी कपाटात होते. मी चहाच्या टपरीकडे धावलो, अर्धा ग्लास पाण्यात तीन भरलेले चमचे साखर ढवळली आणि दादांना पाजली. "मला मधुमेह आहे, साखर कशाला देतोस?" म्हणून ते हात झटकत होते. वहिनींनी जबरदस्तीने पाजले. पंधरा मिनिटांत घाम थांबला. दादांनी आजूबाजूला पाहिले आणि शांतपणे विचारले, "जेवण आलं का रे?" मधल्या अर्ध्या तासातले त्यांना फारसे काही आठवत नव्हते. ट्रॉलीला घासून गाडी काढल्याचेही नीट आठवत नव्हते.

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्या गाडीत आम्ही पाच माणसे होतो.

असे का होते?

मधुमेह म्हणजे साखर वाढणे, हे आता सर्वांना माहीत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज निघाला. पण औषध चालू असताना साखर प्रमाणाबाहेर कमीही होते, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर झाली की ती धोक्याची पातळी समजावी.

सर्वच औषधांनी असे होत नाही. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका फार कमी. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या वर्गातील गोळ्या मात्र जेवण मिळो न मिळो, साखर खाली आणण्याचे आपले काम चालूच ठेवतात. आजकाल पुष्कळ गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. म्हणून गोळीच्या पाकिटावरील बारीक अक्षरे एकदा चष्मा लावून वाचा किंवा आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

त्या रविवारी काय झाले पाहा. गोळी पोटात गेली, पण अन्न गेले नाही. त्यावर दोन-अडीच तास चढउतार झाली. स्नायू काम करताना रक्तातली साखर ओढून घेतात, आणि ही ओढ चालणे थांबल्यावरही काही तास राहते. त्यात रस्त्यावर एक तास गेला आणि ढाब्यावर एक तास. यातली एकेक गोष्ट कदाचित निभावली असती. चारही एकत्र आल्या.

मेंदूला साखरेचा पुरवठा सतत लागतो. तो कमी पडला की आधी घाम, थरथर, धडधड आणि कडकडून भूक ही लक्षणे दिसतात. नंतर चिडचिड, हट्ट, असंबद्ध बोलणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणे. त्याही पुढे झटके आणि बेशुद्धी. वयस्कर माणसात आणि जुन्या मधुमेहींत पहिली लक्षणे कधी कधी दिसतच नाहीत. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी घ्यायच्या काही गोळ्यांनी धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र सहसा झाकला जात नाही. अशा माणसाला रस्त्यावर लोक दारुडा समजतात आणि मदतीऐवजी शिव्या मिळतात. रिकाम्यापोटी खरोखरच दारू घेतली असेल तर धोका दुप्पट, कारण अडचणीच्या वेळी साखर पुरवणारे यकृत तेव्हा दारूचा निचरा करण्यात गुंतलेले असते.

अशा वेळी काय करावे?

यंत्र जवळ असेल तर साखर मोजा. नसेल तर वाट न पाहता साखर द्या. समजा अंदाज चुकला, तर तीन चमचे साखरेने थोडा वेळ साखर वाढेल, एवढेच. पण अंदाज बरोबर असताना साखर दिली नाही, तर जीव जाऊ शकतो.

तीन भरलेले चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी. नाहीतर दीडशे मिलिलिटर साधे गोड शीतपेय द्यावे. 'डाएट' लिहिलेले उपयोगाचे नाही. पेढा, शेंगदाण्याची चिक्की, शेंगापोळी हेही त्या क्षणी उपयोगाचे नाही. त्यांतले तूप-तेल साखर रक्तात पोहोचण्यास उशीर लावते. अॅकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू असलेल्यांनी साध्या साखरेऐवजी ग्लुकोजच घ्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. फरक नसेल तर तेवढेच परत द्यावे. बरे वाटले की लगेच भाकरी, पोळी किंवा भात असे काहीतरी खाल्ले पाहिजे.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे.

आणखी एक. गोळ्यांमुळे घसरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा घसरू शकते. दादांना आम्ही भरपेट जेवू घातले, गाडी मी चालवली, तरी घरी आल्यावर पाच वाजता त्यांची साखर अवघी ८८ होती. जेवणानंतर दोन तासांनी ती एवढी कमी असणे बरे नव्हे. त्या रात्री आम्ही दर तीन तासांनी साखर मोजली. ज्यांच्या घरी ही सोय नाही त्यांनी अशा प्रसंगानंतर रुग्णालय गाठलेले बरे.

निघण्यापूर्वी

सहल करू नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. फक्त काही गोष्टी लक्षात ठेवा.

गोळी किंवा इन्शुलिन घेतले की न्याहारी झालीच पाहिजे. ढाब्यावर चार घास कमी गेले तरी चालतील. घरी खायचे नसेल तर औषधाचे काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आपल्या मनाने औषध बंद करू नका.

गाडीत साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी, बिस्किटे आणि दोन भाकऱ्या ठेवा. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डापाशी ट्रकच्या रांगा लागतात आणि साखर कारखाने चालू असताना उसाच्या ट्रॉल्या असतातच. एक वाजताचे जेवण तीनला होईल असे धरूनच निघावे.

मधुमेही माणूस गाडी चालवणार असेल तर निघण्यापूर्वी साखर मोजावी. ती ९० च्या खाली असेल तर आधी खावे, मग चावी हातात घ्यावी. वाटेत घाम फुटला किंवा चिडचिड झाली तर गाडी कडेला घेऊन चालकाच्या जागेवरून उठावे. साखर ठीक झाल्यावरही पाऊण तास स्टिअरिंगला हात लावू नये. मेंदू सावरायला तेवढा वेळ लागतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत इन्शुलिन ठेवू नका, उष्णतेने ते निकामी होते.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी आणि एकादशीला उपवास धरून पंढरीची वाट चालणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. श्रद्धा आपल्या जागी आहे, पण गोळीला उपवास कळत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे घरच्यांसाठी. मधुमेही माणूस अचानक तिरसटासारखा वागू लागला तर भांडू नका, आधी साखर द्या. त्या दिवशी दादांना वाचवले ते माझ्या पदवीने नव्हे. चाळीस वर्षे ज्यांनी त्यांचा स्वभाव ओळखला, त्या वहिनींनी वाचवले.

पुढच्याच आठवड्यात दादांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. वयानुसार मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावले होते, त्यामुळे औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळत होते. गोळीची मात्रा कमी झाली. सकाळची उपाशीपोटीची साखर आता पूर्वीपेक्षा जराशी जास्त येते आणि डॉक्टरांच्या मते या वयात तेच योग्य आहे. दर वेळी आकडा खाली आणणे म्हणजेच चांगला उपचार, असे नसते.

मागच्या रविवारी दादांचा फोन आला, "अक्कलकोटला येतोस का?" मी विचारले, "न्याहारी झाली?" ते हसून म्हणाले, "पोहे खाऊन, साखर मोजून, पुडी खिशात टाकून मगच फोन केलाय." आम्ही निघालो. वाटेत गर्दी होतीच, जेवायला अडीच वाजले. पण त्या दिवशी कोणी कोणावर खेकसले नाही.