इसब: अंगातला खोटा सांगावा

नवी पेठेत बाजाराला गेलो की आम्ही बायका इसबावर विचारून-विचारून मलम आणतो. पण इसब म्हणजे नायटा नव्हे. तो एकीचा दुसरीला लागत नाही. कातडी कोरडी पडते, अंगातल्या राखणदार पेशी उगाच धोक्याचा सांगावा धाडतात, मग सूज येते, खाज सुटते. इंटरल्युकिन-४ आणि १३ हे त्यातले मुख्य सांगावे. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं डुपिलुमॅब इंजेक्शन त्यांचीच वाट अडवतं. ते महाग आहे, इसब हट्टी असेल तरच त्यावर देतात. आपण आधी अंघोळीनंतर ओलसर अंगावर व्हॅसलीन लावू, सिव्हिलमध्ये त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू. स्टेरॉइडचं मलम मनानं लावत राहिलं, तर कातडी पातळ होते.