रक्तदाबाची गोळी आणि ओठांवरची सूज

साठी उलटलेल्या बहुतेक घरांत सकाळच्या न्याहारीनंतर रक्तदाबाची एक छोटीशी गोळी घेतली जाते. वर्षानुवर्षे तीच गोळी, तीच वेळ. या गोळ्यांनी पक्षाघात आणि हृदयविकारापासून असंख्य माणसांना वाचवले आहे, हे प्रारंभीच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. तथापि यांपैकी एका गटाच्या औषधांमुळे क्वचित प्रसंगी ओठ, जीभ आणि घसा सुजून जीव धोक्यात येऊ शकतो. विशेष म्हणजे, हा त्रास गोळी सुरू केल्यानंतर कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. त्यामुळे जुन्या, सवयीच्या गोळीवर कोणाचा संशयच जात नाही. हीच गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा गट ओळखणे सोपे आहे. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल अशी त्यातील औषधांची मूळ नावे असून प्रत्येकाच्या शेवटी ‘प्रिल’ येते. वेष्टनावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि मूळ नाव बारीक अक्षरांत असते. वाचायचे ते बारीक अक्षरांतले. काही गोळ्यांत दोन औषधे एकत्र असतात, तेव्हा दोन्ही नावे पाहावीत.

या औषधांचा इतिहास उद्बोधक आहे. ब्राझीलमधील जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर संशोधन करताना सर्जिओ फरेरा या शास्त्रज्ञांना असे आढळले की, त्या विषातील एका घटकामुळे शरीरातील ब्रॅडिकायनिन या द्रव्याचा प्रभाव वाढतो. त्यांचे हे संशोधन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या धाग्यावरून पुढे कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल हे औषध प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने घडवले. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजच्या गोळीत सापाचे विष नसते, हे येथे स्पष्ट केलेले बरे.

आपल्या शरीरातील एक विकर रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य तयार करते. ‘प्रिल’ औषधे त्या विकराला रोखतात, म्हणून रक्तदाब उतरतो. परंतु तेच विकर ब्रॅडिकायनिन नष्ट करण्याचेही काम करीत असते. ते काम मंदावल्यामुळे ब्रॅडिकायनिन साठते. अनेकांना त्यामुळे नुसताच कोरडा खोकला येतो. हजारात सुमारे एक ते सात जणांच्या बाबतीत मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा सुजतो. यालाच डॉक्टर अँजिओएडिमा म्हणतात. क्वचित आतड्याला सूज येऊन पोटात तीव्र वेदना आणि उलट्या होतात.

नेहमीच्या ॲलर्जीहून ही सूज वेगळी असते. ॲलर्जीत प्रामुख्याने हिस्टामिनमुळे अंगाला खाज सुटते, गांधी उठतात. या सुजेत बहुधा दोन्ही नसतात. म्हणूनच घरात ठेवलेल्या ॲलर्जीच्या गोळीचा येथे फारसा उपयोग होत नाही. ती घेऊन वाट पाहत बसणे घातक ठरू शकते.

माझ्या बँकेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे ओठ दोनदा सुजले आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरले. शेंगदाणे बाधले असावेत, अशी घरच्यांची समजूत झाली आणि घरात शेंगदाणे वर्ज्य झाले. तिसऱ्या वेळी पहाटे जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, थुंकी गिळता येईना. मुलाने त्यांना तातडीने रुग्णालयात नेले म्हणून ते बचावले. तेथील डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “रक्तदाबाची कोणती गोळी घेता?” गोळी सहा वर्षांपासूनची होती. सूज आपोआप उतरते आणि पुन्हा येते, म्हणूनच ती अशी फसवते.

जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बदलणे, लाळ गळणे, श्वास घेताना आवाज येणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. संशयित गोळीचा पुढचा डोस घेऊ नये. ओठांची सूज आपोआप उतरली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. सुजेचे कारण ही गोळी असल्याचे निश्चित झाल्यास ‘प्रिल’ गटातील प्रत्येक औषध आयुष्यभर वर्ज्य समजावे. केवळ कंपनी बदलून उपयोग नाही. पर्यायी औषधे उपलब्ध आहेत, त्यांची निवड डॉक्टरांनीच करावी.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. मधुमेहासाठी विल्डाग्लिप्टिन घेत असल्यास ‘प्रिल’ औषधासोबत या सुजेचा धोका वाढतो. दुसरे म्हणजे अटेनोलोल, मेटोप्रोलोल यांसारखी ‘लोल’ने संपणारी औषधे. ती घेणाऱ्या व्यक्तीला अन्य कशाची तीव्र ॲलर्जी झाली, तर जीव वाचवणाऱ्या ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनचा प्रभाव कमी पडू शकतो.

उलटपक्षी, प्रत्येक त्रास म्हणजे ॲलर्जी नव्हे. अम्लोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज हा त्या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे, तो जिवावर बेतणारा नाही. तसेच हा लेख वाचून कोणीही धास्तीने आपली गोळी बंद करू नये. अनियंत्रित रक्तदाबाचा धोका या दुर्मीळ सुजेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे नोंदीचे महत्त्व मी जाणतो. घरातील प्रत्येक ज्येष्ठाच्या नावाने एका कागदावर औषधाचे मूळ नाव, ते सुरू केल्याची तारीख आणि पूर्वी बाधलेली औषधे लिहावीत. एक प्रत पाकिटात, एक मुलांच्या मोबाइलमध्ये असावी. औषधाचा दुष्परिणाम झाल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. आपल्या एका नोंदीने दुसऱ्या कोणाचा जीव वाचण्यास साहाय्य होते. आज संध्याकाळी आई-वडिलांचा औषधांचा डबा उघडून बारीक अक्षरांतली नावे वाचावीत, एवढीच वाचकांना विनंती.