दोन आरमारांची एक नौका

ट्राफल्गारचा संग्राम म्हटला की नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चेच नाव सर्वांच्या तोंडी येते, परंतु २१ ऑक्टोबर १८०५ च्या त्या दिवशी प्रतिपक्षाच्या रांगेत उभी असलेली, आणि पुढे शत्रूच्याच चाकरीत जिचे बहुतेक आयुष्य गेले, अशी एक नौका तितक्याच आदरास पात्र होती, असे मला मनापासून वाटते.

मार्च १८०० मध्ये फ्रान्समधील रोशफोरच्या गोदीतून पाण्यात उतरलेल्या या ७४ तोफांच्या युद्धनौकेस सँ-मालोचा विख्यात दर्यावर्दी द्यूगे-त्रुएं याचे नाव दिले होते. ट्राफल्गारला ती फ्रेंच नौसेनानी द्युमान्वारच्या तुकडीत, फ्रेंच-स्पॅनिश रांगेच्या अग्रभागी होती. नेल्सनने घाला घातला तो रांगेच्या मध्यावर आणि पिछाडीवर, त्यामुळे मंद वाऱ्यात ही आघाडी वळून साहाय्यास येईपर्यंत युद्धाचा निकाल लागून गेला होता. तिच्यासह तिथून निसटलेल्या चार फ्रेंच नौकांना ४ नोव्हेंबर रोजी स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरील ऑर्तेगाल भूशिराजवळ इंग्रज नौसेनानी सर रिचर्ड स्ट्रॅचनने गाठले. तिचा कप्तान तुफे कामी आला, आणि चारही नौका पाडाव झाल्या.

युद्धनौका बांधण्यास ओकचे रानच्या रान आणि कित्येक वर्षे खर्ची पडत, म्हणून पाडाव केलेले जहाज बुडविण्यापेक्षा बंदरात आणून, न्यायालयातून जप्तीवर शिक्कामोर्तब करवून सरकारी आरमारात दाखल करणे हाच त्या काळचा शिरस्ता होता, आणि त्या मोबदल्यातून विजेत्या अधिकाऱ्यांना व खलाशांना बक्षिसाचा हिस्सा मिळे. फ्रेंच बांधणीचा इंग्रजांत मोठा लौकिक होता. नव्या धन्याने हिला ‘इम्प्लॅकेबल’ हे नाव दिले. ऑगस्ट १८०८ मध्ये बाल्टिक समुद्रात कप्तान बायम मार्टिनच्या हुकुमतीखाली तिने ‘व्ह्सेवोलोद’ या रशियन युद्धनौकेस जर्जर केले, आणि १८४० साली ती सीरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेतही होती.

१८५५ पासून ती डेव्हनपोर्टला पोरांची शिक्षणनौका झाली. १९१२ साली जेफ्री व्हीटली कॉब या उदार गृहस्थाने तिचा सांभाळ पत्करला. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची बांधून १८१७ साली पाण्यात उतरविलेली ‘ट्रिंकोमाली’ फ्रिगेटही याच कॉब यांनी मोडीतून सोडविली होती. ती आज हार्टलपूल येथे सुस्थितीत आहे, ही आपल्या मुंबईच्या कारागिरांना भूषणावह गोष्ट होय.

‘इम्प्लॅकेबल’च्या वाट्यास ते भाग्य आले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत दुरुस्तीचा खर्च इंग्रज सरकारास झेपेना. फ्रान्सला ती देऊ केली, पण तिकडूनही नकार आला. अखेर २ डिसेंबर १९४९ रोजी, इंग्रज व फ्रेंच अशी दोन्ही निशाणे फडकत असता, इंग्लिश खाडीत सुरुंग लावून तिला बुडविण्यात आले. दोन राष्ट्रांनी मिळून जपावी अशी ही वास्तू दोघांनी मिळून गमावली, आणि तीही शांततेच्या काळात, याचा विषाद मला आजही वाटतो. तिच्या नाळेवरील मूर्ती आणि पिछाडीचा नक्षीदार भाग ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. आणि तिच्या नाशाने लोकांत जो क्षोभ उसळला, त्याने ‘कटी सार्क’ हे शिडाचे व्यापारी जहाज वाचविण्याच्या चळवळीस बळ दिले. ते १९५४ पासून ग्रिनिचच्याच कोरड्या गोदीत आहे.