घंटा झाली की हात थांबतात

पदवीनंतर वर्षभर कुठं प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या कॉलेजात ‘गॅप’चं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. या काळात मी कुठंही शिकत नव्हते, असं त्यात लिहून द्यायचं असतं. घरी परतल्यावर मलाही ते द्यावं लागेल. त्याआधी या वर्षातला एक पूर्ण दिवस लिहून ठेवते आहे. जुलै महिन्यातला हा एक शुक्रवार.

मी अहिल्यानगरची, आमच्या तोंडी अजून नगरच आहे. वय २४. बी.एस्सी.नंतर दोन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास केला. दोन्ही वेळा यादीत नाव आलं नाही. त्यानंतर फ्रान्समधल्या तेझे या खेड्यात वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहायला आले. तेझेचं नाव मात्र लहानपणापासून कानावर होतं. १९८५ साली मद्रासला तेझेच्या ख्रिस्ती संघानं भरवलेल्या तरुणांच्या मेळाव्याला आमच्या मंडळीतले एक काका गेले होते, आणि दर नाताळात ते त्याची गोष्ट सांगत.

बरगंडीत, क्लूनीच्या जुन्या मठापासून दहाएक किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर तेझे आहे. इथं कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांतले, कितीतरी देशांतून आलेले ब्रदर एकत्र राहतात, एकत्र उपासना करतात. जगभरचे तरुण इथं आठवड्यासाठी येतात, रविवार ते रविवार. आम्ही काहीजण जास्त काळ राहून त्यांची सोय पाहतो. पगार नाही, राहणं-जेवण आहे.

सकाळी ६.३०

आमच्या खोलीत चौघी: एक कोलंबियाची, एक पोलंडची, एक कोरियाची आणि मी. चौघींची मिळून एक मोडकीतोडकी इंग्रजी आहे, आणि सकाळी तीही कुणी वापरत नाही. बाहेर दरीत धुकं साचलेलं असतं. पलीकडच्या कुरणात या भागातल्या पांढऱ्याशुभ्र शारोले गाई उभ्या असतात.

उन्हाळा आहे, म्हणून या आठवड्यात टेकडीवर हजारोंनी पोरं आहेत. जानेवारीत हीच टेकडी जवळजवळ रिकामी होती. तेव्हा एका पातेल्यात सगळ्यांचं भागायचं. आता पातेली मोजत बसायला वेळ नसतो. न्याहारी मात्र बारा महिने तीच: पाव, लोण्याची छोटी वडी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि वाडग्यात गरम चहा किंवा कोको. वाडग्याला कान नाही. दोन्ही हातांनी वाडगा धरून प्यायचं, आपण घरी वाटीनं दूध पितो तसं.

सकाळी ८.१५

पाच घंटा एकदम वाजू लागतात आणि कितीतरी मिनिटं वाजत राहतात. रस्त्यावरचे सगळे एकाच दिशेनं चालू लागतात.

चर्चचं नाव समेटाचं चर्च. १९६२ साली ते पुरं झालं आणि बांधायला जर्मन तरुण आले होते. युद्धात आपल्या देशानं जिथं जिथं नासधूस केली, तिथं जाऊन समेटाची खूण म्हणून काहीतरी बांधायचं, अशी त्यांच्या संघटनेची प्रतिज्ञा होती. तीही वीस-बावीस वर्षांची मुलं असतील. आपल्या आयुष्यातले काही महिने त्यांनी अशा गावाला दिले, ज्याच्याशी त्यांचं नातं फक्त शत्रुत्वाचं होतं. मी ज्या जमिनीवर बसते ती त्यांच्या हातची आहे, हे कळल्यापासून मी तिथं जरा वेगळी बसते.

जमिनीवरच बसायचं. बाक नाहीत. मधोमध पांढऱ्या झग्यातले ब्रदर, पुढं नारिंगी कापडाचे उंच पडदे आणि मातीच्या पोकळ चौकोनांत मिणमिणणाऱ्या मेणबत्त्या. प्रवचन नाही. छोटी गीतं, एकेका ओळीची, पुन्हा पुन्हा म्हणायची. यांतल्या बऱ्याच चाली झाक बर्तिए या फ्रेंच संगीतकाराच्या आहेत. शेकडो भाषांतले लोक आपली भाषा बाजूला ठेवून एकत्र गाऊ शकतील अशी सोपी रचना त्यानं केली.

युरोपातल्या पाहुण्यांना हे पुन्हा पुन्हा म्हणणं पहिल्या दिवशी नवं वाटतं. मला पहिल्याच सकाळी आजी आठवली. आमच्या नगरच्या घरात रविवारी संध्याकाळी पेटी आणि टाळ निघत. रेव्हरंड टिळकांचं पद सुरू झालं, की आजी ध्रुपद सोडतच नसे. तिचे डोळे मिटलेले असत आणि ओळ फिरत राही. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो याच आशेनं, की ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, एका बैठकीत बसता यावं. टिळक १९१९ साली गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण इथं जमिनीवर बसले, की त्यांना काय हवं होतं ते मला दिसतं.

शास्त्रपाठानंतर शांतता. पाच मिनिटं, कधी जास्त. हजारो माणसं आणि आवाज फक्त खोकल्याचा. पहिल्या महिन्यात या शांततेत मला पुण्याच्या अभ्यासिकेतलं भिंतीवरचं घड्याळच दिसायचं. तिथं आम्ही तास मोजायचो. ‘आज किती झाले?’ ‘अकरा.’ ‘माझे तेरा.’ दिवसाची किंमत त्या आकड्यात होती. यादीत नाव आलं नाही तेव्हा ते सगळे तास शून्य झाले, आणि त्यांच्याबरोबर मीही.

सकाळी १०.००

पाहुणी मुलं बायबलच्या अभ्यासाला जातात. एक ब्रदर एखादा उतारा उलगडून सांगतो, मग गटागटानं बोलणं. आम्ही स्वयंपाकघरात.

आज मसूर आहे. नुसता मीठ घालून शिजवलेला, फोडणी नाही. पहिल्या आठवड्यात तो खाताना घशाशी यायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. आता त्याची चव कळते. ढवळायला उलथनं नाही, वल्ह्याएवढा दांडा आहे. माझ्याबरोबर आज पाहुण्यांपैकी आठजण आहेत. इथं आलेला प्रत्येकजण आठवड्यात काहीतरी काम करतो: कुणी वाढतं, कुणी संडास धुतं, कुणी चर्च झाडतं. माझं काम त्यांना कामं वाटून देणं. कधी घरी भांडं न उचललेला सोळा वर्षांचा मुलगा असतो, त्याला पातेल्याच्या बुडाशी लागलेलं कसं सोडवायचं ते दाखवायचं. मोडक्या इंग्रजीत हे सांगता येत नाही. हात धरून दाखवावं लागतं.

दुपारी १२.२०

या घंटेनं मला सगळ्यात जास्त शिकवलं.

ऑक्टोबरमधली गोष्ट. एक मोठं पातेलं घासत होते, अर्धं झालं होतं, आणि घंटा झाली. सगळे निघाले. मी म्हटलं, एवढं करून येते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सेंट अँड्र्यू संघातली एक वयस्क सिस्टर दारात थांबली. या सिस्टर शेजारच्या अमेन्यी गावात राहतात आणि १९६६ पासून इथल्या कामाला हातभार लावतात. ती आत आली. माझ्या हातातला ब्रश घेतला, पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि म्हणाली, “चल.”

एवढंच. मी गेले. पण त्या दिवशी प्रार्थनेत माझं चित्त पातेल्यात होतं. मला राग आला होता, आणि राग कशाचा ते कळायला महिना लागला. काम पुरं करूनच उठायचं, पुरं केलं तरच बसायचा हक्क, असं मला वाटत होतं. देवासमोर बसायचासुद्धा. आणि ज्याचं काम पुरं झालं नाही, ज्याचं नाव यादीत आलं नाही, त्यानं कुठं बसायचं? ते पातेलं अर्धं ठेवून उठताना मला पहिल्यांदा कळलं, की मला तसंच, अर्धं ठेवून, बोलावलेलं आहे.

आता घंटा झाली की हात आपोआप थांबतात. मसूर आचेवरून उतरवायचा, हात पुसायचे, निघायचं.

दुपारी १.००

जेवणाआधी एक छोटं गीत सगळे उभ्यानं म्हणतात. एक ताट, एक वाडगा, एक चमचा. सुरी-काटा नाही. ताटात मसूर, पाव, चीजचा तुकडा, एक फळ. पाहुणे राहण्या-जेवणाचे पैसे देतात, तेही देश आणि वय पाहून ठरलेले. ब्रदर स्वतःसाठी देणगी घेत नाहीत. वारशानं आलेलं धनही ठेवून घेत नाहीत. मातीची भांडी घडवून, पुस्तकं काढून, स्वतःच्या कष्टावर ते राहतात. माझ्या हातातला चमचा इतका साधा का आहे, त्याचं हे कारण आहे.

दुपारी २.००

नगरला साडेपाच वाजलेत. आजीला फोन.

“जेवलीस का गं?”

“जेवले. मसूर होता.”

“आज काय केलंस?”

“दीडशे पातेली नाही गं आजी, तीसच. तू काल विचारत होतीस ना.”

“अगं, वर्षभर भांडी घासायची होती तर इथं काय कमी होती?” मग जरा थांबून, “आज शुक्रवार ना? तो क्रूस खाली ठेवतात तो?”

“हो.”

“माझं नाव घे तिथं. गुडघा फार दुखतोय.”

फोनवर बाबा येत नाहीत. ते शेजारीच असतात, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळतं. हे वर्ष वाया गेलं असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या परीक्षेची तारीख आजीकरवी कळवली आहे. ती मी लिहून घेतली.

दुपारी ३.१५

भांडी. एका टबात साबणाचं गरम पाणी, पुढच्यात साधं, मग निथळायला. दोन्ही बाजूंना पोरं, बाह्या वर केलेली, आणि गाणं चालू. इथली गाणी नव्हेत, आपापल्या देशातली. पोर्तुगालच्या मुलीनं मला विचारलं, “तुझ्या भाषेतलं एक म्हण.” मी आजीचं ध्रुपद म्हटलं. तिसऱ्या फेरीला ते सगळ्यांना यायला लागलं, आणि ताटं त्या ठेक्यावर फिरू लागली.

दुपारी ४.३०

आठवड्यातून एकदा माझी सिस्टरशी भेट असते; पातेल्यात ब्रश सोडणारी तीच सिस्टर. आम्ही गावातल्या जुन्या छोट्या दगडी चर्चपर्यंत चालत जातो. तिथल्या आवारात तेझेचा हा संघ सुरू करणारे ब्रदर रॉजर यांची कबर आहे. साधा लाकडी क्रूस आणि फुलं.

ते स्वित्झर्लंडचे. ऑगस्ट १९४० मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, पंचवीस वर्षांचे रॉजर सायकलवरून या गावात आले. इथून जवळच फ्रान्सचे दोन तुकडे करणारी सीमारेषा जात होती. त्यांनी एक घर घेतलं आणि पळून आलेल्यांना, त्यांत ज्यूंनाही, आसरा दिला. युद्ध संपल्यावर जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांनाही रविवारी जेवायला बोलावलं. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात ब्रदरांनी आजन्म व्रत घेतलं. १६ ऑगस्ट २००५ रोजी, नव्वद वर्षांचे असताना, संध्याकाळच्या प्रार्थनेत एका मनोरुग्ण बाईनं त्यांच्यावर सुरीनं वार केले आणि ते गेले. त्या रात्रीही प्रार्थना थांबली नाही.

आज मी सिस्टरला विचारलं, “परत गेल्यावर हे टिकेल का? तिकडं घंटा नाही.”

ती बराच वेळ चालत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या गावात दुपारी काय वाजतं?”

मी आठवू लागले. शाळेची मधल्या सुट्टीची घंटा. मशिदीतली अजान. शेजारच्या देवळातली आरती. वाजतं खूप काही. मी थांबत नव्हते, एवढंच.

रात्री ८.३०

सव्वापाचचा चहा, सातचं जेवण, पुन्हा भांडी. मग दिवसातली तिसरी घंटा. जुलैत या वेळी अजून ऊन असतं. छोट्या रंगीत खिडक्यांतून ते तिरपं आत येतं.

शुक्रवारी रात्री प्रार्थनेनंतर मोठा रंगवलेला क्रूस चर्चच्या मधोमध जमिनीवर आडवा ठेवतात. ज्याला वाटेल त्यानं गुडघ्यांवर जायचं आणि लाकडावर कपाळ टेकायचं. आपलं ओझं आणि ज्यांची आठवण आहे त्यांचं ओझं तिथं ठेवायचं. रांग तासन्‌तास चालते आणि गाणं थांबत नाही. काही ब्रदर बाजूला थांबतात, कुणाला बोलायचं असेल तर ऐकायला.

आपल्याकडं माथा टेकणं कुणाला शिकवावं लागत नाही. इथं आलेल्या कितीतरी मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा कशासमोर तरी डोकं टेकलेलं असतं. ती उठतात तेव्हा चेहरे ओले असतात. मी आजीचा गुडघा ठेवला. बाबांची तारीख ठेवली. अभ्यासिकेतले ते शून्य झालेले तास ठेवले. ते मी दर शुक्रवारी ठेवते, आणि दर शुक्रवारी ते थोडे हलके निघतात.

रात्री ११.१५

साडेअकरानंतर टेकडीवर शांतता पाळायची असते. आज रात्रीची फेरी माझी. तंबूंपाशी कुजबुजणाऱ्यांना बोटानं खूण करायची. चर्चमध्ये अजून रांग आहे, गाण्याचा आवाज बारीक झाला आहे.

परतताना स्वयंपाकघरापाशी थांबले. दुपारी घंटा झाली तेव्हा मी एक पातेलं अर्धं सोडून उठले होते. नंतर भांड्यांच्या गर्दीत ते माझ्या हाती आलंच नाही. आता ते फळीवर पालथं आहे, कोरडं, स्वच्छ. कुणी घासलं, ठाऊक नाही. मी बुडावरून हात फिरवला. लागलेलं काही उरलं नव्हतं.

दिवा घालवला. सहाला उठायचं आहे. उद्या शनिवार, पाव लवकर येतो.