परदेशची पदवी

कोणी तरुण शिक्षणासाठीं समुद्र ओलांडतो तेव्हां ‘याला परदेशाचें वेड लागलें’ असें आपण सहज बोलून जातों. क्वचित् तें खरेंही असतें. पण आफ्रिकेंतील विद्यार्थी ही वाट कां धरतात हें बारकाईनें पाहिलें म्हणजे तो शब्द अपुरा पडतो.

पुढें घानाला स्वातंत्र्याकडे नेणारे क्वामे न्क्रुमा १९३५ सालीं अमेरिकेंतील लिंकन विद्यापीठांत शिकावयास गेले. त्या वेळीं त्यांच्या देशांत, म्हणजे गोल्ड कोस्टमध्यें, विद्यापीठच नव्हतें. तेथें युनिव्हर्सिटी कॉलेज निघालें तें १९४८ सालीं, आणि तेंही लंडनच्या पदव्यांसाठीं विद्यार्थी तयार करणारें! ज्या गांवांत विहीर नाहीं तेथील माणूस घागर घेऊन दुसऱ्या गांवीं गेला, तर त्याला नांवें कशीं ठेवावीं?

आपल्या नागपुरांतही विद्यापीठ झालें तें १९२३ सालीं. त्यापूर्वींच, विसाव्या शतकाच्या आरंभीं, वर्ध्याचे व नागपुरांत शिकलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे जपानमार्गे अमेरिकेस गेले. त्यांना लष्करी विद्या हवी होती; ती परकीय सरकार येथें कशी देणार? शेतकीचें शिक्षणही त्यांनीं तिकडेच घेतलें. गदर चळवळींत पडल्यामुळें इंग्रजी अंमलांत मायदेशाचीं दारें त्यांना बंद झालीं. मग मेक्सिकोंत चापिंगो येथील कृषिविद्यालयांत ते प्राध्यापक झाले, मक्यावर त्यांनीं संशोधन केलें, आणि दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांना स्थान दिलें. १९६७ सालीं त्यांचा देहान्त झाला तो मात्र नागपुरांत. त्यांच्या ऐन उमेदीच्या वर्षांचें पीक वऱ्हाड-नागपुरच्या शेतकऱ्याला मिळालें नाहीं, हें मला अजून बोंचतें.

डॉ. आंबेडकरांची अडचण निराळी होती. मुंबईस विद्यापीठ होतें, तेथील पदवीही त्यांनीं मिळविली होती. नव्हती ती बरोबरीची वागणूक. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं ते कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि तेथें ती वागणूक त्यांना मिळाली. १९१७ सालीं करारानुसार ते बडोद्यास नोकरीसाठीं आले, तर राहावयास जागा मिळेना! एका पारशी धर्मशाळेंत त्यांनीं आश्रय घेतला. जात कळतांच तेथूनही बाहेर पडावें लागलें.

आज आफ्रिकेंत विद्यापीठें पुष्कळ आहेत. तरीही अनेक ठिकाणीं जागा थोड्या, विशेष विषयांची सोय अपुरी, आणि नोकरी देणाऱ्याच्या नजरेंत बाहेरच्या पदवीचें वजन अधिक. म्हणून प्रवास थांबलेला नाहीं. त्यांतले कांहीं विद्यार्थी भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर, कांहीं स्वतःच्या खर्चानें आपल्याकडेही येतात. पुण्यांत ते बरींच वर्षें शिकत आहेत. तेथें त्यांना वर्गांत प्रवेश मिळतो. भाड्याची खोली शोधतांना मात्र घरमालक त्यांच्या वर्णाकडे पाहून दार लोटून घेतो, असा अनुभव त्यांच्यापैकीं कित्येकांनीं सांगितला आहे.