दारूवर पोस्टडॉक करायचंय? आधी पात्रता बघा

मद्यपानावरच्या संशोधनाला पैसा देणारी अमेरिकेतली मुख्य सरकारी संस्था म्हणजे एनआयएएए, स्थापना १९७०. पण तिची एफ३२ फेलोशिप आणि विद्यापीठांमधल्या टी३२ प्रशिक्षण अनुदानाच्या जागा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांनाच मिळतात. भारतातून जाणाऱ्यांनी एखाद्या प्राध्यापकाच्या चालू प्रकल्पातली पगारी जागा शोधावी. पुढे तिच्या के९९ अनुदानाला नागरिकत्वाची अट नाही. मात्र पोस्टडॉकची ४ वर्षं उलटायच्या आत अर्ज करायला हवा.

खरा कस लागतो तो संशोधन आराखड्यात. ‘दारूचे दुष्परिणाम’ हा विषय नव्हे, तो मथळा झाला! गडचिरोलीचं उदाहरण घ्या. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मद्यपान तपासणारी १० प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली घेऊन तुम्ही दारात उभे राहिलात, तर बेकायदा पिणारा खरं का सांगेल? आणि मोहाच्या घरगुती दारूची तीव्रता दर खेपेला वेगळी, मग ‘एक पेला’ म्हणजे नेमकं किती? अशा प्रश्नाला ज्याच्याकडे पद्धतशीर उत्तर आहे, त्याचा अर्ज परीक्षक थांबून वाचतात असं मला ठामपणे वाटतं.

मार्गदर्शकाला पहिली मेल करताना सीव्हीसोबत तुमच्या अशा संशोधन-प्रश्नाचं एक पान जोडाच.