भिंतीआड लपलेल्या शत्रूला गाठणारं अमेरिकेचं शस्त्र बंद का पडलं?

समजा, समोर मातीची जाडजूड भिंत आहे आणि तिच्याआडून तुमच्यावर गोळ्या सुटतायत. तुमची गोळी भिंतीत रुतते. हातगोळा तेवढ्या लांब पोचत नाही. विमान बोलवावं, तर ते येईपर्यंत समोरचा पसार होतो.

अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांची नेमकी हीच अडचण होती. त्यावरचा तोडगा म्हणजे 'एक्सएम २५'.

हे चालायचं कसं?

हा खांद्याला लावून चालवायचा ग्रेनेड लाँचर. सैनिक आधी भिंतीवर लेझर मारायचा, लाँचरमधला कॉम्प्युटर अंतर मोजायचा. शत्रू भिंतीच्या मागे, म्हणून सैनिक बटण दाबून त्यात एखादा मीटर वाढवायचा. हे अंतर २५ मिलिमीटरच्या ग्रेनेडमधल्या चिपला कळायचं. ग्रेनेड गरगर फिरत जातो, चिप ते फेरे मोजायची आणि भिंत ओलांडली की तो हवेतच फुटायचा. पल्ला साधारण ५०० मीटर.

याआधी अमेरिकेने रायफल आणि लाँचर एकत्र असलेलं 'एक्सएम २९' करून पाहिलं होतं. ते फारच जड झालं, म्हणून दोन्ही वेगळे केले.

मग माशी कुठे शिंकली?

२०१० च्या अखेरीस मोजके 'एक्सएम २५' अफगाणिस्तानात पोचले. सैनिकांनी त्याला 'पनिशर' नाव दिलं. पण वजन सहा किलोंच्या वर आणि मॅगझिनमध्ये ग्रेनेड जेमतेम चार-पाच. त्यात हा उचलणाऱ्याला आपली रायफल मागे ठेवावी लागायची. शत्रू अचानक दहा पावलांवर आला तर? २०१३ मध्ये रेंजर्सच्या एका तुकडीने मोहिमेवर तो न्यायला नकार दिल्याच्या बातम्या आल्या.

त्याच वर्षी सरावात लाँचरमध्ये बिघाड होऊन एक सैनिक जखमी झाला आणि अफगाणिस्तानातले लाँचर माघारी बोलावले गेले.

पुढे बनवणाऱ्या दोन कंपन्यांमध्येच जुंपली. ४०० ग्रॅमपेक्षा हलके स्फोटक गोळे युद्धात वापरू नयेत, असा १८६८ चा सेंट पीटर्सबर्ग जाहीरनामा आहे. जर्मनीच्या हेकलर अँड कोखने त्यावरून शंका काढली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१८ मध्ये अमेरिकी लष्कराने प्रकल्पच गुंडाळला.

दक्षिण कोरियाने रायफल आणि लाँचर एकत्र असलेली 'के ११' सैन्यात आणली होती. तीही २०१९ मध्ये बंद झाली.

भिंतीपलीकडचं गणित चिपने सोडवलं. सैनिकाच्या खांद्यावरच्या ओझ्याचं गणित मात्र सुटलं नाही.